कोरड्या घराचं रीडिंग

ज्या माणसाला मिऱ्यांच्या नुसत्या वासाने ठसका लागायचा, त्याने आयुष्याची शेवटची बारा-तेरा वर्षं मिरपूड दळायच्या लाकडी गिरण्या करण्यात घालवली. विकली एकही नाही. कुणी किंमत विचारलीच, तर चष्मा कपाळावर चढवून ते त्याच्याकडे जरा वेळ बघत आणि म्हणत, "अजून चाचणी चालू आहे." विचारणारा हसला, तर पुढे जोडत, "तुमची नाही, गिरणीची."

मी त्यांचा भाडेकरू होतो. सन दोन हजारच्या वायटूकेचा बागुलबुवा ओसरून कंपन्या पुन्हा माणसं भरू लागल्या, तेव्हा यवतमाळहून एक बॅग आणि एक ऑफर लेटर घेऊन मी पुण्यात उतरलो. ऑफिस गावाच्या पार दुसऱ्या टोकाला होतं आणि खोली परवडली ती कसबा पेठेत, नदीकडच्या एका बोळात. खाली त्यांचं वर्कशॉप, त्याच्या मागे त्यांची राहायची खोली आणि वर मी. पहिल्या दिवशी त्यांनी जिना दाखवला, नळाची वेळ सांगितली आणि म्हणाले, "आवाज सहन करावा लागेल."

"कुणाचा?"

"लेथचा. मी फारसा बोलत नाही."

ते बोलत नसत हे खरंच होतं. टोमणे मारत, पण ते त्यांच्या लेखी बोलण्यात धरलेलं नव्हतं. मी एकदा फोनवर आईला "काम करून राहिलो" म्हणालो, ते यांनी जिन्याखालून ऐकलं. मी खाली उतरल्यावर म्हणाले, "करून झालं की मग राहा. आधी करा." माझं नाव त्यांनी कधीच घेतलं नाही. मी त्यांचा 'कॉम्प्युटर' होतो. "अहो कॉम्प्युटर, पाणी आलंय." "अहो कॉम्प्युटर, तुमची बनियन आमच्या दारात पडली आहे." मी त्यांना आधी मालक म्हणायचो, मग कधीतरी काका म्हणायला लागलो. त्यावर त्यांनी काही हरकत घेतली नाही.

एका रविवारी त्यांनी विचारलं, "तुम्ही दिवसभर तिथे काय बनवता?"

मी सांगायचा प्रयत्न केला. अमेरिकेतली एक विमा कंपनी, तिचे जुने प्रोग्राम, त्यात आम्ही करत असलेले बदल.

"हातात देता येईल असं काही?"

"नाही."

"मग ते बिघडलंय हे कळतं कसं?"

"गिऱ्हाइकाचा फोन येतो."

"हं. म्हणजे आमच्यासारखंच," असं म्हणून त्यांनी पायाने एक स्टूल माझ्याकडे सरकवलं. त्या घरात मला मिळालेली बसायची ती पहिली जागा.

मूळचे ते लोखंडाचे टर्नर. चिंचवडच्या एका कारखान्यात सत्तावीस वर्षं लेथवर उभे होते. केसाच्या जाडीचे भाग पाडून त्यातला एक भाग इकडे-तिकडे होऊ द्यायचा नाही, हा त्यांचा धंदा आणि हाच त्यांचा अभिमान. मग बाजार खुला झाला, परदेशातून कॉम्प्युटरवर चालणारी यंत्रं आली, आणि एका यंत्राला चार टर्नरांचं काम जमतं म्हटल्यावर कारखान्याने सगळ्यांपुढे व्हीआरएसचे, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचे कागद ठेवले. त्यांच्या खात्यातली बत्तीस माणसं एकाच दिवशी सह्या करून बाहेर पडली. कुणी रिक्षा घेतली, कुणी पिठाची गिरणी टाकली, कुणी मुलीचं लग्न उरकलं. यांनी भंगारात निघालेला, शिकाऊ म्हणून ज्यावर उभे राहिले होते तो लहान लेथ उचलला आणि टेम्पोत घालून कसब्यात आणला. तो दारातून आत जाईना म्हणून चौकट फोडली. ती पुन्हा बसवायची राहून गेली ती गेलीच. दाराला रात्री ते एक फळी लावायचे.

मिरीची गिरणी त्यांच्या डोक्यात शिरली ती त्याच यंत्रांमुळे. ते यंत्र बसवायला एक परदेशी इंजिनिअर आला होता. कॅन्टीनचं जेवण त्याला जाईना, म्हणून तो बॅगेतून एक लाकडी वस्तू काढायचा आणि तिचं डोकं पिळून भातावर ताजी मिरपूड पाडायचा. यांनी ती मागून घेतली आणि पिळून पाहिली. आतले दळायचे दाते छान होते. पण धडात बसवलेलं डोकं जरासं डुलत होतं.

"एवढा मोठा इंजिनिअर," ते मला सांगत, "आणि फिटिंग हे असं! म्हटलं, यंत्रं तुम्ही करा बाबा, पण ही गिरणी मी तुम्हाला करून दाखवतो. डोकं डुलता कामा नये आणि बारा महिने लोण्यासारखं फिरलं पाहिजे."

एवढंच होतं. ज्यांनी यांना घरी बसवलं, त्यांच्यापेक्षा एक गोष्ट आपण चांगली करून दाखवायची. हे मात्र ते कधी उघड बोलले नाहीत, माझं मी समजलो.

दाते, दांडा, वरचा नट, हे सगळं लोखंडाचं काम ते चालता-बोलता करत. घोडं अडायचं ते लाकडापाशी. शिसवीचा किंवा बाभळीचा ठोकळा लेथवर चढवून ते तो कातायला लागले, की खोलीभर तपकिरी ढलप्या उडायच्या आणि त्यांच्या भुवयांवर बसायच्या. मग लेथ थांबवून ते मायक्रोमीटर काढत. लाकडाला मायक्रोमीटर लावणारा माणूस अख्ख्या पेठेत तो एकच. शेजारच्या आळीत लाटणी आणि भोवरे कातणारा एक जुना कारागीर होता. तो एकदा दारात उभा राहून म्हणाला, "अहो, लाकूड हाय ते. जरा मोकळं सोडा."

"मोकळं म्हणजे किती? आकडा सांगा."

"आकडा कसला? हाताला कळतं की."

"हाताला कळलेलं वहीत लिहिता येत नाही," असं म्हणून यांनी लेथ चालू केला. तो बिचारा निघून गेला.

गंमत अशी, की लाकडाला ऋतू असतात. पावसाळ्यात गोल कातलेलं डोकं उन्हाळ्यात वाळून लंबगोल होतं. मग ते पाव फेरा फिरतं आणि अडतं, जोर लावला की पुन्हा पाव फेरा फिरतं आणि अडतं. लोखंडावर हयात घालवलेल्या माणसाला हे पटायचं नाही. त्यांना वाटे, कुठलंतरी एक माप असं असणारच की जे बाराही महिने चालेल. ते सापडायला हवं, आणि त्यासाठी वेगवेगळ्या घरांतून, दर महिन्याचं रीडिंग हवं.

म्हणून ते गिरण्या वाटायचे. आमच्या बोळात नऊ घरांत त्या दिलेल्या होत्या, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला ते वही, पेन्सिल आणि पट्टी घेऊन फेरीला निघत. खुर्चीच्या कडेवर बसायचे. चहा घ्यायचे नाहीत, "कामावर आहे" म्हणायचे. गिरणी मागून घेऊन तीनदा फिरवायची, कानाला लावायची आणि वहीत लिहायचं. एका घरात गिरणी देवघरात आढळली, तिला हळदकुंकू लावलेलं होतं. दुसऱ्या घरात कुणी तिच्यात वेलदोडे भरले होते आणि दाते चिकटून बसले होते. यांनी ती उघडून वास घेतला आणि विचारलं, "शिरा कधी झाला?" बायका दुरूनच म्हणायच्या, "आले मीटरवाले," आणि दार लोटून घ्यायच्या. हळूहळू नऊची पाच घरं झाली, मग दोन. एका काकूंनी तर तोंडावर सांगितलं, "अहो, आमच्याकडे मिक्सर आहे. दर महिन्याला काय हे?" त्या दिवशी ते परत आले, वही फळीवर ठेवली आणि लेथ न लावता तसेच बसून राहिले. मी वरून पाहिलं. खाली जावं असं मनात आलं होतं, पण गेलो नाही.

त्यांची बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेली होती, मूलबाळ नव्हतं. तिच्याबद्दल ते माझ्याशी एकदाच बोलले. मिऱ्यांची पुडी उघडताना ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, ते पुसत म्हणाले, "ती होती तेव्हा आमच्याकडे मिरी संपायची. आता एक पुडी आणली की दोन वर्षं जाते." मग लगेच मला म्हणाले, "अहो कॉम्प्युटर, ते फडकं द्या इकडे."

अडीच वर्षांनी माझं लग्न ठरलं आणि आम्ही वारज्याला फ्लॅट घेतला. चौथा मजला, पश्चिमेचं ऊन, समोर अजून बांधकाम न झालेलं माळरान. सामान टेम्पोत चढवत होतो तेव्हा ते एक पुडकं घेऊन बाहेर आले. वर्तमानपत्राच्या कागदात घट्ट गुंडाळलेली शिसवी गिरणी, वर सुतळीची गाठ.

"ही भेट नाही," ते म्हणाले. "काम आहे. इथे नदीची ओल. या बोळातली सगळी घरं दमट आहेत, रीडिंग आलं काय नि नाही काय सारखंच. मला कोरडं घर हवंय. तुमचं घर कोरडं आहे. यातलं माप नवीन आहे. हे तुमच्याकडे बारा महिने फिरलं, तर कुठेही फिरेल."

"नक्की," मी म्हणालो.

"रोज वापरा. मी फोन करीन."

ती गिरणी मी माळ्यावर टाकली. मुद्दाम नव्हे. नवीन संसार, नवीन बॉस, रात्री कॉल, सकाळी कॉल. खोकी उघडता उघडता शेवटची तीन तशीच माळ्यावर गेली, त्यातल्या एकात ती होती. पहिल्या रविवारी ठीक दहाला फोन वाजला. त्यांच्या फोनमध्ये नमस्कार वगैरे नसायचा.

"फिरतंय?"

मी अंथरुणात होतो. खरं सांगायला काही अडचण नव्हती. काका, अजून काढली नाही, आज काढतो, एवढंच म्हणायचं होतं. पण ते नाराज होतील, मग दहा मिनिटं बोलावं लागेल, असं काहीसं वाटून मी म्हणालो, "फिरतंय की."

"सगळीकडे सारखं?"

"हो हो. मस्त."

"बरं." पलीकडे पेन्सिल कागदावर चालल्याचा आवाज आला.

खोटं एकदा बोललं की त्याचा महिन्याचा हप्ता लागतो. दुसऱ्या महिन्यात "फिरतंय", तिसऱ्यात "फिरतंय, परवाच अंड्यावर घातली." मी तर पुढे पुढे रंग भरायला लागलो. बायको म्हणायची, "अरे, एकदा काढून बघ ना. म्हातारा माणूस आहे तो." मी म्हणायचो, "आज काढतो." रीडिंग झाल्यावर ते लगेच फोन ठेवत नसत. थोडा वेळ तसेच थांबत आणि मग काहीतरी सांगत. आज नळाला दोनदा पाणी आलं. कोपऱ्यावरचं लाँड्रीचं दुकान जाऊन तिथे सायबर कॅफे आलाय. त्यांना बोलायचं असे हे मला कळत होतं. मी "बरं काका, ठेवतो" म्हणायचो आणि ठेवायचो.

बारा रीडिंगं झाली. बाराव्या वेळी ते म्हणाले, "सापडलं." त्यांच्या आवाजात असं काही मी कधी ऐकलं नव्हतं.

त्यांच्या खात्यातली ती बत्तीस माणसं दरवर्षी दसऱ्याच्या आधीच्या रविवारी एकत्र जमत. एकाचं खडकवासल्याच्या पुढे शेत होतं, तिथे पिठलं-भाकरी आणि गप्पा. हे तिथे कित्येक वर्षांत गेले नव्हते. लोखंड सोडून लाकूड कातायला लागले म्हणून ते सगळे यांना 'लाटणं' म्हणत. "काय लाटणं, पोळपाट कधी देतोस?" दुसऱ्या कुणाचं बोलणं यांच्या अंगाला लागत नसे, पण या एकतीस जणांचं लागे. यांच्या जगात फिटिंग कळणारी माणसं तेवढीच उरली होती. आता त्या पावसाळ्यात सापडलेल्या मापाने त्यांनी एकतीस गिरण्या कातल्या, प्रत्येकीच्या बुडाला त्या त्या माणसाचा कारखान्यातला हजेरीचा तिकीट नंबर कोरला आणि मला फोन केला. त्या दिवशी पहिला रविवार नव्हता. "तुमच्याकडे गाडी आहे ना? खोकी आहेत."

मी त्यांना घेऊन गेलो. सिंहगड रस्ता संपत आला तेव्हा ते समोर बघत म्हणाले, "तुमच्या रीडिंगमुळे झालं हे. बोळातल्यांवर विसंबलो असतो तर अजून तिथेच असतो."

तेव्हा सांगायला हवं होतं. गाडी बाजूला घेऊन सांगता आलं असतं. मी गिअर बदलला आणि म्हणालो, "काहीतरीच काय काका."

शेतावर म्हाताऱ्यांचा घोळका होता. कुणी टोपीत, कुणी कंपनीच्या जुन्या निळ्या शर्टात. "लाटणं आलं रे!" अशी आरोळी उठली. यांनी उत्तर दिलं नाही, खोकं उघडलं आणि तिकीट नंबर पुकारत एकेकाच्या हातात गिरणी दिली. एकतीस टर्नर, प्रत्येकाचा हात गिरणीच्या डोक्यावर, प्रत्येकाने फिरवून पाहिलं, हलवून पाहिलं, कानाला लावलं. कुणीच मिरी मागितली नाही. पावसाळी हवेत ती डोकी खरोखरच लोण्यासारखी फिरत होती. त्यांच्यातला सगळ्यात वयस्कर, यांचा जुना चार्जहँड, म्हणजे खात्याचा मुकादम, त्याने गिरणी डोळ्यांजवळ धरून फट शोधली, ती सापडली नाही. तो म्हणाला, "जमलंय रे तुला."

हे खाली बघत राहिले. मग त्यांनी चहा घेतला. एवढ्या वर्षांत कामावर असताना त्यांनी घेतलेला तो पहिला चहा मी पाहिला. परत येताना गाडीत ते चक्क झोपले. घरी गेल्याबरोबर माळ्यावरचं खोकं काढायचं असं मी ठरवलं. घरी गेलो तर ऑफिसातून सर्व्हर पडल्याचा निरोप होता.

एप्रिलमध्ये ते वारज्याला आले. न कळवता, दोन बस बदलून, टळटळीत दुपारी. खांद्याला गोणपाटाची मोठी पिशवी. चार जिने चढून आले होते, दारात उभं राहून श्वास घेत होते.

"वहिनी, पाणी चालेल," बायकोला म्हणाले. मला म्हणाले, "तुमची गिरणी द्या. सगळ्या अडल्या."

"सगळ्या?"

"एकतीसच्या एकतीस. पाव फेऱ्यावर. संक्रांतीनंतर एकेकाचे फोन यायला लागले. चिंचवड, भोसरी, हडपसर, एक तळेगावला. सगळ्या गोळा केल्या. आता फक्त तुमची एक चालते आहे. तीत काय वेगळं झालंय ते मला बघायचंय. मोजून बघतो, मग सापडेल."

मला वाटलं, पळून जावं. बायको माझ्याकडे बघत होती. मी स्टूल घेतलं, माळ्यावर चढलो आणि ते पुडकं खाली आणलं. त्यावरची धूळ शर्टाला पुसायचा प्रयत्न मी केला, आता आठवलं की त्याचीच जास्त लाज वाटते.

त्यांनी ते टेबलावर ठेवलं. गाठ त्यांचीच होती, ती त्यांनी ओळखली. खिशातल्या पात्याने सुतळी कापली, कागद उलगडला आणि त्यावरची तारीख वाचली. तो मी कसबा सोडल्याच्या दिवसाचा कागद होता. त्यांनी गिरणी उचलून डोकं फिरवलं. पाव फेरा फिरलं आणि अडलं.

मग त्यांनी वही काढली. माझं पान काढलं. पट्टी लावून एकूण एक ओळीवर रेघ मारली, सावकाश, रेघ वाकडी होऊ न देता.

"रीडिंग नसेल तर जागा रिकामी सोडतात," ते म्हणाले. "शिकाऊंना आम्ही पहिल्या दिवशी हेच सांगायचो."

"काका, चुकलं माझं. मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल."

"वाटलं," ते म्हणाले. "वर्षभर बरं वाटलं."

त्यांनी गिरणी पिशवीत टाकली, पाणी पूर्ण प्यायले, भांडं स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत नेऊन ठेवलं आणि निघाले. गाडीने सोडतो म्हणालो तर म्हणाले, "बस आहे." गॅलरीतून मी बघत राहिलो. स्टॉपवर सावली नव्हती. पिशवी पायांत धरून ते उन्हात उभे होते, आणि बस यायला बराच वेळ लागला.

पंधरा दिवसांनी मी कसब्यात गेलो. ते लेथवर होते. गोळा केलेल्या गिरण्यांच्या माना, म्हणजे डोक्याचा धडात बसणारा भाग, ते थोड्या थोड्या उतरवत होते.

"त्यांना काय सांगितलंत?" मी विचारलं.

"माप चुकलं म्हणालो."

"माझ्यामुळे चुकलं हे का नाही सांगितलं?"

"कातल्या मी आहेत." लेथ थांबवून त्यांनी एक डोकं धडात बसवलं. ते आता जरासं डुलत होतं. ते त्याच्याकडे बघत म्हणाले, "त्या परदेशी माणसाचंही असंच डुलत होतं. मी मूर्ख समजलो त्याला. त्याला माहीत होतं, लाकडाला जागा लागते. मलाच माहीत नव्हतं." मग म्हणाले, "परवा चार्जहँडला परत दिली. तो म्हणाला, लाटण्या, ही तर ढिली आहे."

मी म्हणालो, की मी स्वतः एकेकाकडे जाऊन सांगतो, माफी मागतो. ते म्हणाले, "तुम्ही कोण म्हणून जाणार?" आणि लेथ चालू केला.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी दहा वाजले आणि फोन वाजला नाही. मी साडेदहापर्यंत फोनपाशी बसलो होतो. आमच्याकडे आता गिरणीच नव्हती, तेव्हा फोन यायचं कारणही नव्हतं. त्याच्या पुढच्या महिन्यात मी फोन केला.

"काय काम होतं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही काका. सहज."

ते म्हणाले, "सहज फोन करता येतो होय?" हा टोमणा होता की ते खरंच विचारत होते, मला ओळखता आलं नाही. मी हसलो. ते हसले नाहीत. मग त्यांनी सांगितलं, की बोळात नवीन फरश्या बसवतायत आणि त्या सगळ्या तिरक्या आहेत. चांगली दहा मिनिटं आम्ही फरश्यांवर बोललो.

त्यांनी मला सहज फोन केला तो एकदाच. एका बुधवारी, दुपारी तीनच्या सुमाराला, मोबाइलवर. तो नंबर त्यांना मीच दिला होता. समोर परदेशातली माणसं बसली होती, पडद्यावर माझं सादरीकरण चालू होतं. नंबर ओळखला आणि बटण दाबून कॉल कापला. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून त्यांना फोन लावला. लावताना मी घाईत होतो, दुसरा कॉल यायचा होता.

"काका, काय काम होतं?" मी विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले. "तुम्ही कामात होतात."

"हो, मीटिंग होती. बोला ना."

"बरं," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

पुन्हा लावायला हवा होता. उद्या लावू म्हटलं, तो लावायचा राहूनच गेला. त्यानंतर ते चार वर्षं होते.